‘करणे’ कुठे गेले ते शोधा: सारख्या स्पेलिंगची इंग्रजी नामे आणि क्रियापदे

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावातून पदवीधर झालेल्या आणि सध्या तालुक्याच्या अभ्यासिकेत सरळसेवा भरतीची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. ‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइझ’, ‘प्रॅक्टिस’चे दोन स्पेलिंग, ‘ॲफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’, ‘लॉस’, ‘लूझ’ आणि ‘लूस’ अशा जोड्यांच्या याद्या त्यांनी अनेकदा पाठ केल्या, तरी चूक ओळखण्याच्या प्रश्नात गोंधळ होतोच. यामागे काही नियम आहे की पाठांतर हाच उपाय आहे, आणि मोबाइल ही चूक लाल रेघ मारून का दाखवत नाही, असे त्यांनी विचारले आहे. खेड्यातल्या शाळांत इंग्रजी शिकवण्यात आणि नंतर अशाच अभ्यासिकांमध्ये मार्गदर्शन करण्यात माझी बहुतेक नोकरी गेली आहे, त्यामुळे हा गोंधळ नेमका कुठे होतो हे मला जवळून पाहता आले. नियम आहेत, परंतु ते याद्यांत सापडत नाहीत. यादीत दोन सारखे शब्द शेजारी शेजारी ठेवलेले असतात, आणि शेजारी ठेवून पाठ केलेले शब्द परीक्षेत एकमेकांच्या जागी उभे राहतात, हा सर्वांचाच अनुभव आहे.

या गोंधळाचे मूळ इंग्रजी स्पेलिंगमध्ये जेवढे आहे त्याहून अधिक आपण मराठीत इंग्रजी शब्द कसे वापरतो यात आहे. आपण म्हणतो, ‘वकिलाचा ॲडव्हाइस घेतला’, ‘रोज प्रॅक्टिस करतो’, ‘औषधाचा इफेक्ट झाला नाही’, ‘यंदा शेतीत लॉस झाला’, ‘लाइटची कम्प्लेंट केली’. या प्रत्येक वाक्यात आपण इंग्रजीतून नाम उचलले आहे आणि क्रियेचे काम मराठीतल्या घेणे, करणे, होणे यांच्याकडे सोपवले आहे. ‘सिलेक्ट झाला’, ‘रिजेक्ट केले’ अशी उलट उदाहरणेही आहेत, परंतु ज्या जोड्या आपल्याला छळतात त्यांच्यात बहुतेक वेळा नामच आपल्या घरात आले आहे आणि क्रियापद वेशीबाहेर राहिले आहे. म्हणून ‘ॲडव्हाइस’ हा शब्द आजोबांनाही माहीत असतो आणि ‘ॲडव्हाइझ’ पदवीधरालाही परका वाटतो. इंग्रजी वाक्य लिहिताना क्रियापदाची जागा आली की आपण ओळखीचे नामच तिथे बसवतो, आणि ‘प्लीज ॲडव्हाइस मी’ असे वाक्य अर्जात जाते.

ओळखण्याची कसोटीही येथूनच मिळते. इंग्रजी वाक्य हातात आले की ते आधी आपल्या बोलीतल्या मराठीत म्हणावे आणि त्या मराठी वाक्यातले करणे, देणे, होणे हे क्रियापद इंग्रजीत कुठे गेले ते शोधावे. इंग्रजीत त्यासाठी स्वतंत्र शब्द उभा असेल तर आपला संशयित शब्द नाम आहे. स्वतंत्र शब्द नसेल, म्हणजे ‘करणे’ त्या शब्दाच्या पोटातच गेले असेल, तर तो क्रियापद आहे. ‘मी रोज प्रॅक्टिस करतो’ याचे इंग्रजी ‘आय प्रॅक्टिस एव्हरी डे’ असे होते. ‘करतो’साठी इंग्रजीत वेगळा शब्द नाही, म्हणून हे क्रियापद आणि त्याचे स्पेलिंग शेवटी एसई. ‘मला प्रॅक्टिस पाहिजे’ याचे ‘आय नीड प्रॅक्टिस’ होते. येथे ‘पाहिजे’साठी ‘नीड’ उभा आहे, म्हणून ‘प्रॅक्टिस’ नाम आणि शेवटी सीई. ‘वकिलाने मला सल्ला दिला’ हे वाक्य इंग्रजीत दोन्ही रीतींनी सांगता येते: ‘गेव्ह मी ॲडव्हाइस’ म्हटले तर ‘दिला’साठी ‘गेव्ह’ आहे, आणि ‘ॲडव्हाइझ्ड मी’ म्हटले तर ‘दिला’ शब्दातच विरघळले आहे. ‘पावसाने संत्र्यावर परिणाम केला’ याचेही तसेच. ‘हॅड ॲन इफेक्ट’ म्हणताना ‘हॅड’ वेगळा आहे, ‘ॲफेक्टेड’ म्हणताना नाही. स्पेलिंग निराळे, उच्चार निराळा, तरी तिन्ही जोड्यांना कसोटी एकच लागू पडते, आणि म्हणून ती मी याद्यांच्या आधी शिकवतो.

या कसोटीला आधार म्हणून शब्दाच्या डाव्या बाजूला पाहण्याची सवय ठेवावी. ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘सम’, ‘नो’, ‘ऑफ’ किंवा एखादे विशेषण शब्दाच्या लगेच आधी असेल तर पुढचा शब्द नाम असतो. ‘कॅन’, ‘विल’, ‘शुड’, ‘मस्ट’, ‘डोन्ट’ असेल तर क्रियापद. ‘टू’ मात्र दगा देतो. ‘टू ॲडव्हाइझ’ म्हणजे सल्ला देणे, पण ‘अकॉर्डिंग टू द ॲडव्हाइस’ म्हणजे सल्ल्यानुसार. पहिल्यात ‘टू’ क्रियापदाला चिकटला आहे, दुसऱ्यात तो आपल्या विभक्तीप्रत्ययासारखे काम करतो आहे. परीक्षकांना ही जागा चांगली ठाऊक असते.

आता कानाकडे वळू. शाळेत संधी शिकताना आपण कठोर आणि मृदू व्यंजने शिकलेलो असतो. इंग्रजीच्या या जोड्यांत फार मोठा गट असा आहे की नामाचा शेवट कठोर आणि क्रियापदाचा शेवट मृदू असतो. ‘स’चा झ, ‘फ’चा व्ह, ‘थ’चा द. ‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइझ’, ‘डिव्हाइस’ आणि ‘डिव्हाइझ’, ‘प्रूफ’ आणि ‘प्रूव्ह’, ‘बिलीफ’ आणि ‘बिलीव्ह’, ‘ग्रीफ’ आणि ‘ग्रीव्ह’, ‘हाफ’ आणि ‘हाव्ह’, ‘ब्रेथ’ आणि ‘ब्रीद’. गवत म्हणजे ‘ग्रास’ आणि चरणे म्हणजे ‘ग्रेझ’ हीदेखील मूळची अशीच जोडी आहे, हे सांगितले की गुरे राखलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर वेगळीच ओळख दिसते. मराठीलाही असा बदल नवा नाही: तुटणे आणि तोडणे, फुटणे आणि फोडणे, सुटणे आणि सोडणे यांत कठोर ‘ट’चा मृदू ‘ड’ होतो आणि शब्दाचे काम बदलते.

इंग्रजीत हे कशामुळे झाले, तेही थोडक्यात सांगण्यासारखे आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाच्या मूळ रूपाला ‘अन’सारखा प्रत्यय लागत असे आणि नामाला तो नसे. घर म्हणजे ‘हूस’, आणि घरात ठेवणे म्हणजे ‘हुसिअन’. प्रत्ययामुळे ‘स’ दोन स्वरांच्या मध्ये सापडे आणि मृदू होई. पुढे प्रत्यय झिजून गेले, पण मृदूपणा मागे राहिला. आजही ‘हाउस’ हे नाम आणि ‘हाउझ’ हे क्रियापद एकाच स्पेलिंगचे असून उच्चाराने वेगळे आहेत, आणि ‘यूस’ व ‘यूझ’ यांचेही तसेच आहे. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेले ‘ग्रीफ’, ‘रिलीफ’, ‘ॲडव्हाइस’ हे शब्दही याच घडणीत बसले. ‘ब्रीद’, ‘बेद’, ‘क्लोद’ यांच्या शेवटी जो न उच्चारला जाणारा ‘ई’ आहे तो अशाच एका झिजलेल्या शेवटाची खूण आहे, आणि म्हणून तो लिहायला विसरला की शब्द क्रियापदाचा नाम होतो.

इंग्रजीतला झ आपल्याला अवघड वाटतो, कारण देवनागरीत ‘ज’ लिहून आपण दोन उच्चार भागवतो. ‘जीभ’मधला ज वेगळा आणि ‘जाड’मधला वेगळा. ‘ॲडव्हाइझ’च्या शेवटी जो ध्वनी हवा तो ‘जाड’मधल्या ज-च्या शेजारचा आहे, जीभ दातांमागे टेकवण्याऐवजी किंचित सोडून ठेवली की तो येतो. पुस्तकांत यासाठी ‘माझा’मधला झ सांगतात, परंतु वऱ्हाडीत आपण ‘माहा’ म्हणतो, त्यामुळे आपल्याकडे ते उदाहरण फारसे उपयोगी पडत नाही. गळ्यावर बोट ठेवून ‘स्स्स’ आणि मग ‘झ्झ्झ’ म्हणून पाहावे. दुसऱ्या वेळी बोटाला थरथर लागते. ज्याच्या शेवटी थरथर, तो बहुधा क्रियापद.

बहुधा म्हणण्याचे कारण आहे. ‘फ’चा ‘व्ह’ नामाच्या अनेकवचनातही होतो. ‘लाइफ’चे ‘लाइव्ह्ज’, ‘शेल्फ’चे ‘शेल्व्ह्ज’, ‘हाफ’चे ‘हाव्ह्ज’ ही नामेच आहेत. याउलट ‘बिलीफ’चे अनेकवचन ‘बिलीफ्स’ आणि ‘प्रूफ’चे ‘प्रूफ्स’ असे कठोरच राहते. श्रद्धा या अर्थाने अनेकवचनी ‘बिलीव्ह्ज’ लिहिलेले मी चांगल्या उत्तरपत्रिकांतही पाहतो, आणि ते दर वेळी चूक असते, कारण ‘बिलीव्ह्ज’ म्हणजे ‘तो मानतो’. ‘रिलीफ’ आणि ‘रिलीव्ह’ मात्र आपल्याकडे कुणी चुकवत नाही. ‘रिलीफ फंड’ वर्तमानपत्रात असतो आणि बदली झालेल्या गुरुजींच्या हातात ‘रिलीव्हिंग ऑर्डर’ असते. नाम आणि क्रियापद दोन्ही वेगवेगळ्या कागदांवरून, वेगवेगळ्या प्रसंगी ओळखीचे झाले की गोंधळ होत नाही, हे यावरून लक्षात घ्यावे. अभ्यासाची रीतही तीच ठेवावी, आणि पुढे मी जोड्यांपेक्षा कागदांचीच उदाहरणे अधिक देणार आहे.

सी आणि एस यांच्या भांडणात दोन जोड्या अशा आहेत की तिथे कान काहीच मदत करीत नाही: ‘प्रॅक्टिस’ आणि ‘लायसन्स’. दोन्हींचे नाम आणि क्रियापद उच्चाराने एकच आहेत, फरक केवळ लिहिण्यात आहे. ब्रिटिश पद्धतीत, आणि आपल्याकडे तीच चालते, नामाला सीई आणि क्रियापदाला एसई. ‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइझ’ यांचा उच्चार वेगळा असल्याने ती जोडी मनात पक्की असते. म्हणून अडले की त्या जागी ‘ॲडव्हाइस’ बसते की ‘ॲडव्हाइझ’ ते म्हणून पाहावे आणि त्याचेच शेवटचे अक्षर उचलावे. शब्दात ‘आइस’ दिसला, म्हणजे बर्फ, म्हणजे वस्तू, म्हणून नाम, ही युक्ती अनेक वर्गांत शिकवली जाते. ती ‘ॲडव्हाइस’, ‘डिव्हाइस’, ‘प्रॅक्टिस’ यांना चालते, पण ‘लायसन्स’च्या नामात आणि क्रियापदात, दोन्हींत, आय-सी-ई ही अक्षरे सलग येतात, त्यामुळे तिथे ती भेद दाखवत नाही आणि नेमका तोच शब्द परीक्षेत येतो, म्हणून मी ती पहिल्या दिवसानंतर सोडून द्यायला सांगतो.

‘प्रॅक्टिस सेट’ प्रत्येक उमेदवाराच्या पिशवीत असतो. त्याच्या मुखपृष्ठावर सीई आहे, कारण येथे ‘प्रॅक्टिस’ हे नाम दुसऱ्या नामाला विशेषणासारखे जोडले आहे. ‘प्रॅक्टिस पेपर’, ‘प्रॅक्टिस मॅच’ यांचेही तसेच. पण ‘प्रॅक्टिसिंग डॉक्टर’मध्ये एस येतो, कारण ‘आयएनजी’ हा प्रत्यय क्रियापदालाच लागतो. ‘लायसन्स’च्या बाबतीत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचा इंग्रजी मजकूर पाहावा. वाहन चालवण्याचा परवाना तेथे सर्वत्र सीई असा लिहिला आहे, आणि परवाना देण्याच्या क्रियेसाठी ‘लायसन्सिंग’ हा शब्द एसने लिहिला आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यातही परवाना सीईने आणि परवाना देणारा ‘लायसन्सिंग ऑफिसर’ एसने आहे. त्यामुळे आपल्या कृषी सेवा केंद्रात दोन्ही स्पेलिंग बरोबर असू शकतात: काचेच्या चौकटीत लावलेला कागद सीईचा, आणि दाराबाहेरच्या पाटीवरचा ‘लायसन्स्ड डीलर’ एसचा, कारण ‘ईडी’ लागलेले ते रूप क्रियापदापासून झाले आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या परिसरात ज्यांची शेती आहे त्यांना हवामानावर आधारित कृषी सल्ल्याची इंग्रजी पत्रिका ओळखीची असेल. तिच्यावरील ‘ॲडव्हायझरी’ शब्दात एस आहे. सल्ला हे नाम असले तरी ‘ॲडव्हायझरी’, ‘ॲडव्हायझर’, ‘ॲडव्हायझेबल’ ही सारी संतती क्रियापदाची आहे.

‘ॲडव्हाइस’विषयी आणखी एक सांगणे आवश्यक आहे, कारण स्पेलिंग बरोबर येऊनही गुण जातात. सल्ला या अर्थी हे नाम इंग्रजीत मोजले जात नाही. ‘ॲन ॲडव्हाइस’ किंवा ‘मेनी ॲडव्हाइसेस’ चूक. ‘सम ॲडव्हाइस’ किंवा ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ बरोबर. बँकेच्या कागदपत्रांत ‘क्रेडिट ॲडव्हाइस’ येते तेव्हा अर्थ सूचनापत्र असा असतो, आणि ते मोजता येते.

अमेरिकेचा विषय येथे टाळता येत नाही. तिकडे ‘प्रॅक्टिस’ नाम असो वा क्रियापद, सीई. आणि ‘लायसन्स’ नाम असो वा क्रियापद, एसई. नोआ वेबस्टर यांनी १८२८ च्या आपल्या कोशात ‘प्रॅक्टिस’ या क्रियापदापाशी असे मत नोंदवले की त्याचे स्पेलिंग नामासारखेच असायला हवे, जसे ‘नोटीस’ या शब्दाचे आहे. तर्काने पाहिले तर त्यांचे म्हणणे योग्यच होते, असे मला वाटते. उच्चारात नसलेला भेद लिहिण्यात कशासाठी सांभाळायचा? परंतु आपल्या परीक्षा, न्यायालये आणि शासकीय पत्रव्यवहार ब्रिटिश रीतीने चालतात, त्यामुळे तर्क बाजूला ठेवून रीत पाळावी. ‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइझ’, ‘डिव्हाइस’ आणि ‘डिव्हाइझ’ यांत मात्र अमेरिकाही भेद करते, कारण तिथे उच्चार वेगळा आहे. भाकीत या अर्थाचा ‘प्रॉफेसी’ आणि त्याचे क्रियापद ‘प्रॉफेसाय’ यांतही अनुक्रमे सी आणि एस येतात. तो शब्द क्वचितच येतो, एवढ्यावर सोडून देऊ.

‘ॲफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ यांच्यासाठी दोन कागद लक्षात ठेवावेत. विदर्भात धरणाखाली जमीन गेलेल्या कुटुंबाकडे प्रकल्पग्रस्ताचा दाखला असतो. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत गोसीखुर्दमुळे तो कित्येक घरांत आहे. त्याचे इंग्रजी ‘प्रोजेक्ट ॲफेक्टेड पर्सन’, आरंभी ए. प्रकल्पाने ज्यांच्यावर काहीतरी केले आहे ते लोक, म्हणजे क्रियापदाचे रूप. दुसरा कागद म्हणजे कोणताही नेमणुकीचा किंवा बदलीचा इंग्रजी आदेश. त्यात ‘डब्ल्यूईएफ’ अशी तीन अक्षरे असतात, म्हणजे ‘विथ इफेक्ट फ्रॉम’, अमुक तारखेपासून लागू. मधले अक्षर ई आहे, आणि ‘विथ’नंतर आलेला शब्द नाम असणार हे उघड आहे. ‘साइड इफेक्ट’ तर दवाखान्यातच ऐकलेला असतो. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कपाशीचे केलेले नुकसान घेऊन दोन वाक्ये तयार करावीत: बोंडअळीने कपाशीला ‘ॲफेक्ट’ केले, आणि बोंडअळीचा कपाशीवरचा ‘इफेक्ट’ बाजारात दिसला. पहिल्यात ‘केले’ शब्दाच्या पोटात, दुसऱ्यात ‘दिसला’ वेगळा.

या जोडीला एक अपवाद आहे आणि स्पर्धा परीक्षेत तो विचारला जातो. ‘इफेक्ट’ हे क्रियापदही होते, पण त्याचा अर्थ परिणाम करणे असा नसून घडवून आणणे, अमलात आणणे असा असतो. ‘टू इफेक्ट अ चेंज’ म्हणजे बदल घडवून आणणे. ‘टू ॲफेक्ट अ चेंज’ म्हणजे आधीच चाललेल्या बदलावर परिणाम करणे. बँकेच्या पत्रात ‘पेमेंट वॉज इफेक्टेड’ आले तर ती छपाईची चूक समजू नये. रक्कम दिली गेली, एवढाच त्याचा अर्थ. ‘ॲफेक्ट’ नाम म्हणून मानसशास्त्रात वापरतात, पण तो विषय आपल्या परीक्षेच्या बाहेरचा आहे.

‘लॉस’, ‘लूझ’ आणि ‘लूस’ यांचा गोंधळ मला सर्वांत खोल रुतलेला वाटतो, आणि त्याचे कारण पुन्हा आपल्या बोलण्यात आहे. सैल या अर्थाचा इंग्रजी शब्द कठोर ‘स’ने संपतो: ‘लूस’. आपण मात्र ‘लूज शर्ट’, ‘लूज मोशन’ असे म्हणतो, म्हणजे त्याचा शेवट मृदू करून टाकतो. गमावणे या अर्थाचे क्रियापद खरोखरच मृदू आहे: ‘लूझ’. दोन्ही शब्द आपल्या तोंडात एकच झाले, आणि हातात जे स्पेलिंग आधी आले तेच दोन्हीकडे लागू लागले. ‘आय डोन्ट वॉन्ट टू लूझ धिस चान्स’ या वाक्यात दोन ओ लिहिले जातात ते यामुळे. पीक विम्याच्या इंग्रजी मजकुरात ‘क्रॉप लॉस’ असते, एक ओ आणि दोन एस, ते नाम. त्यातला एक एस काढून शेवटी ई लावला की क्रियापद ‘लूझ’. ओ एकच राहतो. ‘मूव्ह’, ‘प्रूव्ह’, ‘लूझ’ ही तिन्ही क्रियापदे एकाच ओने ‘ऊ’ असा उच्चार देतात, म्हणून ती एकत्र म्हणावीत. दोन ओचा ‘लूस’ हे विशेषण आहे, आणि सैल करणे यासाठी ‘लूसन’ असे वेगळे क्रियापद आहे. नट ढिला करायचा असेल तर ‘लूसन’, नट हरवला तर ‘लूझ’, आणि भूतकाळात ‘लॉस्ट’.

निवडणे याचे क्रियापद ‘चूझ’ मात्र दोन ओचे आहे आणि त्याचा भूतकाळ ‘चोझ’ एका ओचा, यामुळे ‘लूझ’ लक्षात ठेवलेला विद्यार्थी येथे घसरतो. त्याचे नाम ‘चॉइस’, तिथे स्वर बदलतो आणि सी येतो. हे तिन्ही एका वाक्यात बांधावे, जसे, काल मी जे निवडले ते आज निवडणार नाही कारण आता माझी निवड वेगळी आहे, आणि ते वाक्य इंग्रजीत लिहून पाहावे.

‘ब्रेथ’ म्हणजे श्वास आणि ‘ब्रीद’ म्हणजे श्वास घेणे. दुसऱ्याच्या शेवटी ई. रजेच्या अर्जात ‘अनेबल टू ब्रीद’ लिहिताना तो ई हमखास गळतो. फवारणीच्या औषधांच्या इंग्रजी सूचनांत ‘डू नॉट ब्रीद’ अशा धर्तीचा मजकूर येतो, आणि २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेनंतर अशा सूचना वाचता येणे ही केवळ इंग्रजीच्या गुणांची बाब राहिलेली नाही. ‘बाथ’ नाम, ‘बेद’ क्रियापद. ‘क्लॉथ’ म्हणजे कापड, ‘क्लोद’ म्हणजे अंगावर कपडे घालणे, आणि ‘क्लोद्झ’ म्हणजे कपडे. कापडाचे तुकडे मोजायचे असतील तर ‘क्लॉथ्स’, ई न लावता.

काही जोड्यांत एकच अक्षर कमी-जास्त असते आणि त्या गावोगावच्या पाट्यांवर चुकलेल्या दिसतात. तक्रारपेटीवर ‘कम्प्लेन बॉक्स’ लिहिलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. तक्रार करणे म्हणजे ‘कम्प्लेन’, तक्रार म्हणजे ‘कम्प्लेंट’, शेवटी टी. पेटीत तक्रारी टाकायच्या असल्याने पेटीला टी हवाच. गंमत अशी की बोलताना आपण ‘कम्प्लेंट केली’ असे नामच बरोबर वापरतो आणि पाटी रंगवताना टी सोडून देतो. ‘वे’ आणि ‘वेट’ यांतही टी नामाकडे आहे. कापूस जिनिंगवर नेला की वजनकाट्याची पावती मिळते. तिच्या डोक्यावर ‘वेब्रिज’ असते, त्यात टी नाही, कारण तोलणारा पूल, म्हणजे क्रिया. खाली भरलेल्या गाडीचे ‘ग्रॉस वेट’, रिकाम्या गाडीचे ‘टेअर वेट’ आणि उरलेल्या कापसाचे ‘नेट वेट’ असते, तिन्हींत टी आहे, कारण ती वजने आहेत. एवढी एक पावती वहीत चिकटवली तर ही जोडी पुन्हा शिकवावी लागत नाही. ‘एक्स्टेंड’ आणि ‘एक्स्टेंट’, ‘इंटेंड’ आणि ‘इंटेंट’, ‘असेंड’ आणि ‘असेंट’ यांत क्रियापदाला डी आणि नामाला टी. ‘टू सम एक्स्टेंट’ यातला ‘सम’ पाहिला की टी लिहायचा. ‘स्पेंड’ आणि ‘स्पेंट’ मात्र या गटात घालू नये. तिथला टी भूतकाळाचा आहे.

‘सक्सीड’, ‘प्रोसीड’, ‘एक्सीड’ ही तीन क्रियापदे दोन ई घेतात, पण ‘प्रोसीजर’ या नामात एकच ई उरतो. ‘प्रोनाउन्स’ या क्रियापदात ओ-यू आहे, त्याच्या ‘प्रोनन्सिएशन’ या नामात केवळ यू. ‘मेंटेन’चे नाम ‘मेंटेनन्स’ लिहिताना मधले ए-आय जाऊन ई येतो. यांना कोणतीही कसोटी लागू पडत नाही, ते पाहून आणि लिहूनच पक्के करावे लागतात, आणि येथे पाठांतराला माझा आक्षेप नाही.

शेवटी असे शब्द, ज्यांचे स्पेलिंग एकच असते आणि भेद आघाताचा असतो. शेतमाल या अर्थाचा ‘प्रोड्यूस’ आपल्या बाजार समितीच्या इंग्रजी नावात, म्हणजे ‘एपीएमसी’मधल्या ‘पी’मध्ये आहे. तिथे तो नाम असल्याने जोर पहिल्या भागावर पडतो, ‘प्रॉड्यूस’. पिकवणे या अर्थी जोर दुसऱ्या भागावर. ‘रेकॉर्ड’, ‘परमिट’, ‘एक्स्पोर्ट’ यांचे तसेच. लेखी परीक्षेत याने काही बिघडत नाही, मुलाखतीत मात्र उच्चार कानावर पडतो.

अभ्यासासाठी माझी सूचना अशी की जोडीचे दोन शब्द एकाच दिवशी शिकू नयेत. आधी नाम घ्यावे, ते ज्या खऱ्या कागदावर असते तो कागद डोळ्यांसमोर ठेवून चार वाक्ये लिहावीत, आणि काही दिवसांनी क्रियापद वेगळ्या कागदावरून घ्यावे. चूक ओळखण्याच्या प्रश्नात प्रथम वाक्यातले मुख्य क्रियापद शोधून त्याखाली रेघ ओढावी. त्याच वाक्यखंडात दुसरा संशयित शब्द उरला असेल आणि त्याआधी ‘टू’ नसेल, तर तो बहुतेक नाम निघतो. मुख्य क्रियापदच सापडले नाही, तर संशयित शब्दच क्रियापद असायला हवा.

मोबाइलच्या लाल रेघेविषयी. शब्द कोशात आहे की नाही एवढेच साधा स्पेलचेक पाहतो, आणि ‘लूस’ व ‘लूझ’ दोन्ही कोशात आहेत, म्हणून चुकीच्या जागी बसलेला शब्दही त्याला निर्दोष दिसतो. कीबोर्डच्या भाषेत इंग्रजी भारत किंवा इंग्रजी ब्रिटन निवडलेले आहे ना, हे आधी तपासावे. ते अमेरिकन ठेवलेले असेल तर नामाचा सीईवाला ‘लायसन्स’ आणि क्रियापदाचा एसईवाला ‘प्रॅक्टिस’ हे दोन्ही बरोबर असूनही अनेकदा लाल दिसतात, आणि त्या वेळी शब्द न बदलता सेटिंग बदलावे.